रुपयाचा रिपोट

हवालदार काटकर चांदीच्या रुपयाला हात लावण्याआधी हात धूत आणि लावून झाल्यावर पुन्हा धूत. मधल्या वेळात ते रुपयाशी बोलत. बोलत म्हणजे पुटपुटत नसत. समोर माणूस बसलाय असं समजून सरळ बोलत. पंच्याच्या घडीवर रुपया ठेवायचा, त्याच्यासमोर मांडी घालून बसायचं, पाठ ताठ करायची आणि म्हणायचं, "हां बाईसाहेब, रिपोट द्या." बाईसाहेब म्हणजे रुपयावरची राणी. मग ते गप्प बसत. दोन मिनिटं, कधी पाच मिनिटं. शेवटी ऐकून घेतल्यासारखी मान हलवत. यातली वाईट गोष्ट एकच होती. तेवढा वेळ आपणही श्वास रोखून कान देऊन बसलेलो असायचो.

मी तेव्हा सांगलीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. गावभागात सहा खोल्यांची बैठी चाळ होती, मधली खोली आमची आणि कडेची हवालदारांची. ते मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्याही पलीकडच्या एका खेड्यातले. पलटणीतून पेन्शन घेऊन आले आणि हरिपूरला हळदीच्या पेवांवर राखणदार म्हणून लागले. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. आतली हवा वाईट असते, म्हणून माणूस उतरवण्याआधी दोरीने कंदील सोडून बघायचा. विझला तर कुणी आत जायचं नाही. हा कंदील सोडणं ही हवालदारांची डूटी. घरी आले की त्यांच्या अंगाला हळदीचा आणि बंद जागेतल्या मातीचा वास यायचा. उंच, वाळके, एकटे. बोलताना तोंडाकडे न बघता ते समोरच्याच्या गळ्याकडे बघत. चाळीतल्या बायका त्यांना बघून पदर सारखा करत. पुढे कळलं, की तो भला माणूस फक्त दागिना बघत असे.

आमची पहिली चकमक लक्ष्मीपूजनाच्या दिवशी झाली. आमच्या पाटावर एक राणीछाप रुपया असतो, माझ्या आत्याकडून आलेला. सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, एकटा माणूस म्हणून हवालदारांना फराळाला बोलावलं होतं. ते आले, पाटाकडे बघितलं आणि लाडू तसाच ठेवून हात धुवायला गेले. परत येऊन रुपयासमोर बसले. रिपोट मागितला. मग सुमनकडे वळून म्हणाले, "वहिनी, ह्यो चुलीमागं पुरलेला हाय. बाईमाणसानं पुरलाय, घरच्यास्नी न सांगता. आन ती काढाया माघारी आली न्हाई."

सुमनच्या हातातली चकली मोडली. आत्या गेल्यावर बाराव्या दिवसानंतर तिची चूल पाडली, तेव्हा मागच्या मातीत हा रुपया निघाला होता. ही गोष्ट मी चाळीत कुणालाही सांगितलेली नव्हती. सांगण्यासारखी ती नव्हतीच, कारण तो रुपया आत्याच्या यजमानांनाही ठाऊक नव्हता.

"चूल काय, सगळ्यांच्याच घरात असते," मी म्हणालो. विज्ञानाच्या मास्तराला असं काहीतरी म्हणावंच लागतं.

"आसती की," हवालदार शांतपणे म्हणाले. "ह्या अंगाला बगा, निळा झालाय, ह्या अंगानं धग घेतली. ह्या अंगाला मातीचा करडा. आन ह्यो डाग दिसतोय का, पुरताना अंगठा दाबलाय. तेलकट हुता अंगठा. सैपाक करता करता उठली हुती ती."

आत्याचा अंगठा माझ्या घरात बारा वर्षं होता आणि मी त्याच्यावर दरसाल हळदकुंकू वाहत होतो. त्या दिवशी मला फराळ गेला नाही. हवालदारांनी मात्र चार लाडू खाल्ले.

दुसरा प्रसंग घरमालकांच्या पत्नीचा. या मालकांच्या दुसऱ्या पत्नी, मेढ्याकडच्या. पहिली बाळंतपणात गेली. या बाईंच्या गळ्यात एक रुपया होता. त्यांनी हौसेने तो काढून हवालदारांपुढे ठेवला आणि विचारलं, "माझं काय सांगतोय बघा." हवालदार नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाई, ह्याच्यावर दोघी हायत. खालची वरच्या रंगाला बसू दीना. तुमी किती बी वर्सं घाला, कडंनं ती वर येतीया." बाईंनी तो रुपया पुन्हा गळ्यात घातला नाही. पुढे आठ दिवसांत चाळीतली सगळी चांदी ट्रंकांच्या तळाशी गेली. हवालदार ओट्यावरून चालले की बायका कानातलंसुद्धा झाकत.

मी चिडलो. एका संध्याकाळी त्यांना खुर्चीवर बसवून रीतसर धडा दिला. चांदी हवेतल्या गंधकाशी संयोग पावते, तिच्यावर पातळ थर चढतो, थर जाड होत जातो तसा त्यावरून परतणारा उजेड बदलतो आणि रंग दिसतात. यात बाईसाहेब कुठे येतात आणि रिपोट कुठून येतो?

"बराबर हाय," हवालदार म्हणाले. "संयोग हुतो. पर कुणाचा कुणासंगं, त्येच तर बगायचं असतंय, मास्तर."

मग त्यांनी मला धडा दिला, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता हे आज कबूल करतो. आपसूक बसलेला रंग कडेने आत येतो. आधी कडब्यासारखा पिवळा, मग गुळासारखा तांबूस, मग जांभळा, मग निळा, आणि शेवटी काळा. पलटणीसारखे रांगेत चालतात, कुणी कुणाला ओलांडत नाही. माणसाने घाईने चढवलेल्या रंगात ही शिस्त नसते. पांढऱ्या चांदीवर एकदम जांभळा, त्याला लागून पुन्हा पिवळा. खऱ्या रंगाखाली रुपया हलवला की चांदीची चमक फिरते. खोटा रंग त्या चमकेवर पांघरूण घालतो. अक्षरांच्या आडोशाला रंग कसा थांबलाय ते बघायचं. जुन्या ओरखड्यात बघायचं. शेवटी ते नेहमीचं वाक्य म्हणत, "रंग बसावा लागतो, मास्तर. बसवून बसत न्हाई."

सरावाच्या माणसाला हे कळतं, यात भुताटकी नाही, असं मी सुमनला सांगितलं. तिने विचारलं, "आणि तेलकट अंगठा?" मी पेपर तपासायला घेतले.

हवालदारांना एकदा तरी तोंडावर पाडायचं, असं मी ठरवलं. शाळेची प्रयोगशाळा माझ्याच ताब्यात होती. एक राजाछाप रुपया चिंचेने घासून पांढरा केला आणि उकडलेल्या अंड्याच्या बलकाबरोबर बरणीत कोंडला. सुरेख निळा आला. हवालदारांनी हात धुतले, बसले आणि नाक पुसलं. "अंड्याचं हाय. कोंबडी गावठी न्हाई." दुसऱ्या वेळी गंधकाचा धूर दिला. "दिवाळीच्या फटाकड्याचा रिपोट देतोय ह्यो." तिसऱ्या वेळी मी फार काळजी घेतली, लसूण, कागद, तीन आठवडे उन्हात. त्यांनी तो रुपया बघून हळूच माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, ह्या बिचाऱ्याला काय सांगायचंच न्हाई. कुणीबी ह्याला जवळ घेतलेलं न्हाई अजून." मला माझ्याच रुपयाची दया आली. असला अपमान मी आयुष्यात दुसऱ्यांदा सोसलेला नाही.

हे सगळं ते कशासाठी करतात, हे मात्र त्यांनी सुमनला सांगितलं, मला नाही. ती आंबोळ्या घेऊन गेली होती, तेव्हा सहज विचारलं आणि त्यांनी सहज सांगितलं. त्यांची बायको अनसा. लग्नात तिला अकरा राणीछाप रुपयांची माळ घातली होती. गावच्या सोनाराने प्रत्येक रुपयाला डाख देऊन कडी जोडली होती, आणि सगळ्या कड्या राणीच्या अंबाड्याकडे जरा वाकड्या लागल्या होत्या. हवालदार आसामात होते. बहात्तर साली सुट्टी संपवून ते परत गेले आणि पाच महिन्यांनी अनसा गेली. तार उशिरा पोचली, तोवर सगळं उरकलं होतं. त्याच साली दुष्काळ. भावाने माळ जतच्या बाजारात एका फिरत्या सराफाला विकून वैरण आणली. "जनावरं जगली. त्येचं काय चुकलं न्हाई," हवालदार म्हणाले.

"मग आता ते रुपये कशाला शोधता?" सुमनने विचारलं.

"तिला लिवता येत न्हवतं, वहिनी. कागद यायचा त्यो भावाचा, सगळी खुशाल म्हणून. शेवटचे पाच म्हैने ती कशी हुती, ते मला कुणीच सांगितलं न्हाई. इचारलं की सगळी म्हंत्यात, बरी हुती, एकाएकी गेली. माळ तिच्या अंगावर हुती. त्यास्नी ठावं असंल."

सुमन घरी आली ती रडतच. तिने मला सगळं सांगितलं. हवालदार दर रविवारी कुठे जातात ते आता कळलं. जत, विटा, मिरज, कधी पार कऱ्हाडपर्यंत. बाजार संपला की संध्याकाळच्या गाडीने परत. दार उघडल्याचा आवाज यायचा, मग हात धुतल्याचा. त्यानंतर दुसरा काही आवाज आला नाही की आज काही मिळालं नाही असं आम्ही समजायचो.

याच काळात मी एकदा त्यांच्याबरोबर साताऱ्याला गेलो. तिथे एक वकील होते, जुन्या नाण्यांचे शौकीन. रंगीत रुपयाला शौकिनांत मान आला होता, त्यामुळे रंग चढवून विकणारेही निघाले होते, आणि वकीलसाहेब दोनदा फसले होते. कुणीतरी हवालदारांचं नाव सांगितलं. वकिलांनी मखमलीच्या तबकात वीस-बावीस रुपये मांडून ठेवले. हवालदार भराभर निवडत गेले. हा औषधाचा, हा धुराचा, हा देव्हाऱ्यातला, हा तंबाखूच्या चंचीतला. वकील वहीत लिहून घेत होते आणि फार खुश होते.

शेवटचा रुपया सगळ्यांत देखणा. मधोमध सोनेरी, भोवती गर्द जांभळा. हवालदारांनी त्याला हात लावायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. रिपोट मागितला नाही. उठून नळावर गेले, हात धुऊन आले आणि लांबच बसले.

"का हो, खोटा आहे का?" वकिलांनी विचारलं. "आपोआप बसलेला की चढवलेला, तेवढं सांगा."

"साहेब, ह्यो आगीचा रंग हाय. पर कुणी फसवाया आग लावल्याली न्हाई," हवालदार म्हणाले. "ह्यो तोंडातला हाय."

वकिलांना कळलं नाही. मला कळलं आणि मी हातातली चहाची बशी खाली ठेवली. काही घरांत माणूस गेल्यावर सोन्याचा कण नसला तर तोंडात रुपया ठेवतात. वकिलांनी आठवून सांगितलं, की हा रुपया त्यांनी माहुलीच्या संगमावर राख धुऊन सोनं शोधणाऱ्या एका माणसाकडून घेतला होता. त्यांनी तो दोन वर्षं उशाशी डबीत ठेवला होता. हवालदार म्हणाले, "नदीत सोडा. त्यो अजून त्याच्याच डूटीवर हाय." वकिलांनी कुळाचार, कायदा, बाजारभाव काही विचारलं नाही. आमच्यादेखत टांगा बोलावला.

परतीच्या गाडीत मी हवालदारांशेजारी बसलो नाही. जागा होती, तरी नाही बसलो. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी खिडकीतून बाहेर बघत हात पंच्यात गुंडाळून घेतले. आज त्या गोष्टीची लाज वाटते.

पुढच्या हिवाळ्यात हवालदार खंगले. जतहून एकदा तापाने फणफणून आले आणि तरी पुढच्या रविवारी निघाले. सुमनने दार अडवलं, तर म्हणाले, "वहिनी, सराफ लोक आटवून टाकत्यात. लवकर गावली पायजेत." त्या दिवशी सुमनच्या डोक्यात ती कल्पना आली. मला म्हणाली, "तुमचं अंडं पकडलं, गंधक पकडला. बाईचं अंग कसं पकडतील?"

मी आधी विरोध केला, तत्त्वाचा वगैरे. मग ओळखीच्या सराफाकडे जाऊन एका राणीछाप रुपयाला अंबाड्याकडे वाकडी कडी लावून आणली. जुनी दिसावी म्हणून सराफाने तिला काजळी फासली. होळीच्या दिवशी सुमनने तो रुपया काळ्या दोऱ्यात ओवून पोलक्याच्या आत गळ्यात घातला. स्वयंपाक, धुणं, झोप, सगळं त्याच्यासकट. सात महिने. मी अधूनमधून विचारायचो, "बसला का रंग?" ती म्हणायची, "गप बसा, त्याला दृष्ट लागेल." त्या वर्षी ती जरा वाळली होती. नवरात्राचे उपास तिने कडक केले, त्याचं ते असेल असं मी धरून चाललो. घरातला मास्तर असा असतो. त्याला पाऱ्याचा उत्कलनबिंदू तोंडपाठ असतो.

दसऱ्याला तिने रुपया काढला. मागची बाजू चांगली गडद झाली होती. मला ती कडेने जांभळी आणि मध्ये करडी वाटली. हवालदारांना सांगायची गोष्टही तयार होती: माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना जतच्या बाजारात मिळाला. आपट्याची पानं देण्याच्या निमित्ताने सकाळी आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर गेलो.

त्यांनी हात धुतले. पंचा अंथरला. कडी बघितली मात्र, त्यांनी तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं. सुमनने माझा दंड धरला. मग त्यांनी रुपया उलटा केला. बाईसाहेबांना रिपोट मागायचं विसरले. किंवा मागावा लागला नाही. ओट्यावर ऊन होतं, रस्त्याने लोक सोनं वाटत चालले होते, आणि आमच्या तिघांत मात्र पेवात कंदील सोडल्यासारखी शांतता होती.

"रंग बसल्याला हाय," ते म्हणाले. "बसवल्याला न्हाई."

सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हवालदारांनी मान वर केली आणि तिच्या गळ्याकडे बघितलं. दोऱ्याची काळी रेघ तिथे अजून होती.

"वहिनी, जरा पाणी आणता का?" ते म्हणाले. ती आत गेली, तसे ते माझ्याकडे सरकले. "मास्तर, डाख ह्या वर्साचा हाय, त्ये ऱ्हाऊ द्या. तुमी मायेनं केलं, मला कळलं. पर वहिनीस्नी उद्या मिरंजंला दाखवा. उद्याच्या उद्या."

मी काहीतरी हसण्यावारी नेऊ बघितलं. त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला आणि तो बर्फासारखा गार होता.

"ह्या करड्याखाली चमक हाय का बगा. न्हाई. राख हाय राख. मी ह्यो रंग एकदाच बगितलाय. शेवटच्या सुट्टीला घरी आलो, तवा अनसाची सगळी माळ अशी झाल्ती. अकराच्या अकरा. मी काय केलं ठावं हाय? पलटणीचा गडी. मी म्हणलो, आमच्याकडं बटनं अशी ठिवली तर साहेब उन्हात उभं करतोय. पेटीतनं बटनाची पॉलिस काढली आन आख्खी दुपार बसून माळ लखलखीत केली. ती सांगत हुती, रुपये रिपोट देत हुते, आन मी त्यांची तोंडं पुसून टाकली."

सुमन तांब्या घेऊन बाहेर आली. हवालदारांनी पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले, "रुपया लय झाक हाय वहिनी. मी ठिवून घेतो."

दुसऱ्या दिवशी मी तिला मिरजेला नेलं. शाळेत रजेचं कारण लिहिताना माझी पंचाईत झाली. रुपया करडा पडल्यामुळे, असं काही लिहिता येत नाही. तपासण्या झाल्या. एका मूत्रपिंडात पू धरला होता, आतल्या आत, आणि बारीक ताप अंगात मुरला होता. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने काढले असते तर आमच्या हातात काही उरलं नसतं. ऑपरेशन झालं. मी धीर करून डॉक्टरांना विचारलं, की असल्या आजारात अंगावरची चांदी वेगळी काळी पडते का. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आपण काय करता?" मी म्हणालो, "विज्ञान शिकवतो." ते म्हणाले, "कुठल्या शाळेत?" मी विषय बदलला.

दवाखान्यात हवालदार एकदाही आले नाहीत. पण रोज सकाळी आमच्या दाराशी भाजी असायची, निवडलेली. सुमन घरी आल्यावर एक-दोन आठवड्यांत माझ्या लक्षात आलं, की रविवारी त्यांचं दार उघडंच असतं. ते बाजाराला जात नव्हते. दिवसभर ओट्यावर बसून असत, हात मांडीवर ठेवून. नवं तबक बघायला या, असा निरोप घेऊन साताऱ्याच्या वकिलांचा माणूस आला, त्यालाही त्यांनी परत पाठवलं. म्हणाले, दिसत न्हाई आता नीट.

सुमन थोडी हिंडूफिरू लागली, तशी एका रविवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे जाऊन बसलो. मी विचारलं, "हवालदार, जतला गेला नाहीत अलीकडे? मी येतो की बरोबर." गाडीतल्या त्या दिवसाची भरपाई मला करायची होती.

"न्हाई, मास्तर. आता नगं."

"का? सापडतील अजून."

"सापडतील म्हणूनच," ते म्हणाले. ते माझ्याशीच बोलत होते, पण सुमनकडे बघून. "हितवर मला वाटायचं, काय व्हायचं हुतं ते झालं. माळ बगितली आन वळखलं असतं, तरी आमच्या त्या रानात काय करणार हुतो? आसं वाटायचं. आता वहिनी वाचल्या. लय बरं झालं, माझ्या अंगावर मांस चढलं बगा. पर वहिनी वाचल्या म्हंजे अनसाबी वाचली आसती."

जिच्या जगण्याचा मला रोज सकाळी आनंद होत होता, तिच्याचकडे बघून हा माणूस रोज आपला गुन्हा मोजत होता, आणि भाजीही निवडून ठेवत होता.

माळ घासल्याची गोष्ट मी सुमनला दवाखान्यातच सांगितली होती. तिने पदर सावरला. मग तिने विचारलं, "भावजी, माळ घासून झाल्यावर ताई काय म्हणाल्या?"

"कवा?"

"त्या दुपारी. तुम्ही घासलीत, त्यांनी गळ्यात घातली. मग काय म्हणाल्या?"

हवालदारांनी कपाळाला आठ्या घातल्या. तीन वर्षं त्यांनी रुपयांना प्रश्न विचारले होते. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"काय न्हाई म्हणाली," ते म्हणाले. "माळ पदरावर काढली आन घागर घिऊन आडावर गेली. मी म्हणलो बी, आगं घरात पाणी भरल्यालं हाय. त्या वक्ताला आडावर समद्या गावच्या बाया असायच्या." ते थांबले. "भरल्याली घागर वतली परड्यात, आन गेली."